हार्ट फेल्युअर आणि वर-खाली होणारा सीआरपी : इंदूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान हार्ट फेल्युअरच्या पेशंटांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. मी इंदुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. सकाळी लॅबच्या काउंटरवर फाइल घेऊन येणारी मंडळी जे विचारतात, त्यातलेच हे प्रश्न. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांत रिपोर्ट इंग्रजीत येतो, डॉक्टर हिंदीत समजावतात आणि घरी आजी मराठीत विचारतात, ‘काय म्हणाले गं?’ या प्रवासात बरंच काही गळून जातं आणि उरतो तो सीआरपीचा एक आकडा, तोही बहुतेक वेळा लाल किंवा ठळक अक्षरांत छापलेला. औषध ठरवणं तुमच्या कार्डिओलॉजिस्टचं काम आहे. तो आकडा किती मनावर घ्यायचा, एवढं इथे सांगते.

बाबांना हार्ट फेल्युअर आहे, ताप नाही, खोकला नाही. मग डॉक्टरांनी इन्फेक्शनची टेस्ट का लिहिली?

कारण सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ही फक्त इन्फेक्शनची टेस्ट नाही. शरीरात कुठेही दाह असला, म्हणजे जंतू, जखम, सांध्याची सूज किंवा ताणाखाली आलेली पेशीसंस्था, तर पेशींमधून आयएल-६ नावाचं प्रथिन सुटतं. ते यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी बनवायला लागतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना हा पदार्थ न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, म्हणून त्याची ओळख जंतूंशी जोडली गेली. पण १९५६ मध्येच ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्येही तो असतो असं छापलं होतं.

हृदयाचा पंप कमजोर झाला की रक्त मागे तुंबतं. आतड्याच्या भिंतीला सूज येते, तिथल्या जंतूंचे विषारी अंश थोडेथोडे रक्तात झिरपतात. यकृतही रक्ताने फुगलेलं असतं. हृदयाचा ताणलेला स्नायू स्वतःही दाहाचे संदेश सोडतो. शिवाय मधुमेह, पोटावरची चरबी, थकलेल्या किडन्या यांची भर असतेच. ज्यांचा इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) चांगला असूनही हार्ट फेल्युअर आहे, त्यांच्यात तर हाच रेंगाळणारा दाह आजाराच्या मुळाशी असावा, अशी मांडणी पॉलस आणि चोपे यांनी २०१३ मध्ये केली. आजही त्या दिशेने बरंच संशोधन चालू आहे.

दाहाच्या टेस्टमध्ये काय काय येतं?

सीआरपी, त्याचीच बारीक मोजणी म्हणजे एचएस-सीआरपी, ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते), सीबीसीमधल्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतल्या, पांढऱ्या पेशी, आणि काही प्रमाणात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन). आयएल-६ मोठ्या लॅबमध्ये होते, पण रोजच्या उपचारात तिची गरज क्वचित पडते. एनटी-प्रोबीएनपी या यादीत नाही. ती टेस्ट हृदयावरचा ताण सांगते.

मागच्या महिन्यात सीआरपी ३.१ होता, आता ५.८ आला. आजार वाढला का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त घबराट याच ठिकाणी होते. तेव्हा जरा सविस्तर.

एकाच माणसाचं रक्त, तब्येत तशीच असताना, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासलं तर प्रत्येक टेस्ट थोडी हलते. किती हलते, हे टेस्टवर अवलंबून. रक्तातलं सोडियम जेमतेम अर्धा-एक टक्का हलतं, कारण शरीर त्याला घट्ट धरून ठेवतं. म्हणून सोडियम १३८ वरून १२८ वर आलं तर ती खरी आणि गंभीर बातमी असते. सीआरपीचं तसं नाही. निरोगी माणसातसुद्धा तो स्वतःच्या सरासरीभोवती साधारण ३० ते ४० टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. मशीनची चूक यात धरलेलीच नाही. ती वेगळी आणि बरीच लहान असते.

दोन रिपोर्टांची तुलना करताना दोन्ही आकडे हलणारे असतात. हिशेब मांडला तर असं निघतं की सीआरपी साधारण दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, तरच ‘काहीतरी खरोखर बदललं’ असं खात्रीने म्हणता येतं. तुमचा ३.१ वरून ५.८ हा फरक त्या दुपटीच्या अलीकडे आहे. तो नेहमीच्या हलण्यातलाही असू शकतो. नुसत्या या दोन आकड्यांवरून आजार वाढला, असं मी तरी म्हणणार नाही.

हार्ट फेल्युअरमध्ये या हलण्याला कारणं आणखी वाढतात. पाणी कधी साठतं, कधी उतरतं. डाययुरेटिकचा, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीचा, डोस बदलतो. किडनीचे आकडे बदलतात. रात्री उशी वाढवून झोपावं लागणारी व्यक्ती अंगातलं पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांत सपाट झोपू लागते. या सगळ्याचे पडसाद रक्तात उमटतात.

आणखी एक गोष्ट. हे हलणं आकड्याच्या प्रमाणात असतं. २ चा ३ होणं आणि २० चा ३० होणं सारखंच आहे, दोन्हीकडे दीडपट. पण घरी २० चा ३० झाला की ‘दहाने वाढला’ म्हणून फोन येतात आणि २ चा ३ झालेला कुणी पाहतही नाही.

मग खरं काय पाहायचं? तीन-चार रिपोर्ट सलग एकाच दिशेने जात आहेत का ते. ४, ७, ११, १९ अशी चढण असेल तर कारण शोधलंच पाहिजे. ४, ७, ३.५, ६ असं असेल तर तो त्या माणसाचा नेहमीचा पट्टा आहे.

एका लॅबमध्ये ०.९ आणि दुसऱ्या लॅबमध्ये ९! कोण चुकलं?

बहुधा कुणीच नाही. आकड्याशेजारचं एकक वाचा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे, ०.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ९ मिलिग्रॅम प्रति लिटर. एक काका दोन्ही कागद काउंटरवर शेजारी ठेवून म्हणाले, ‘मॅडम, चार दिवसांत दहापट?’ मी दोन्ही एककांखाली पेनाने रेघ मारली. चार रात्री त्यांच्या घरी कुणी धड झोपलं नव्हतं. या पानावरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत.

एकक एकच असलं तरी लॅबनुसार पद्धत आणि मशीन वेगळं असतं. एकच बांगडी सराफ्यात दोन दुकानांत तोलली तर काट्याकाट्यात गुंजभराचा फरक निघतो, तसं समजा. पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं असेल तर लॅब बदलू नका. माझ्याकडेच या असं म्हणत नाही. कुठेही जा, पण एकाच ठिकाणी जा.

सीआरपी आणि एचएस-सीआरपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

पदार्थ एकच, मोजणी वेगळी. साधी टेस्ट मोठे आकडे पकडायला असते; एचएस म्हणजे अगदी कमी पातळीही नीट मोजणारी. अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशन आणि सीडीसी (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) यांनी २००३ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यासाठी पायऱ्या ठरवल्या: १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. त्याच शिफारशीत दोन गोष्टी होत्या, ज्या आपल्याकडे सोयीस्करपणे विसरल्या जातात. एक, टेस्ट साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घ्या. दोन, आकडा १० च्या वर असेल तर तो धोक्याच्या हिशेबात धरू नका. आधी इन्फेक्शन किंवा दुसरं कारण शोधा आणि नंतर पुन्हा तपासा.

ज्यांना आधीच हार्ट फेल्युअर आहे त्यांना ‘तुम्ही जास्त धोक्याच्या गटात’ हे सांगण्यासाठी या पायऱ्या बनलेल्या नाहीत. रिपोर्टवर त्या आपोआप छापल्या जातात, इतकंच.

कशाकशाने आकडा अचानक उसळतो?

सर्दी-खोकला, लघवीचं इन्फेक्शन, छातीचा संसर्ग ही पहिली कारणं. चिथावणी मिळाल्यावर चार-सहा तासांत सीआरपी चढू लागतो आणि दीड-दोन दिवसांत शिखरावर जातो. कारण संपलं की उतरतोही झपाट्याने, कारण रक्तातला सीआरपी दर १९ तासांनी निम्मा होतो. रंगपंचमीची गेर किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला गर्दीत गेलेल्या आजोबांचं रक्त चौथ्या दिवशी, घसा दुखत असताना घेतलं, तर तो आकडा घशाचा आहे. हृदयाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

काही कारणं घरात कुणाच्या लक्षात येत नाहीत. हिरड्या हे त्यातलं मोठं. दात घासताना रक्त येतं, एक दाढ वर्षभर ठणकते आहे, पण ‘हार्टचं झाल्यावर बघू’ म्हणून ती तशीच राहते. पायाच्या सुजेवर फुटलेली कातडी, बोटांमधली चिखली, मधुमेहाची जुनी जखम, यांचंही तसंच. मोजे काढून पाय बघा, एवढं सांगितल्यावर कारण सापडतं.

दुसरं म्हणजे गाउट. डाययुरेटिक गोळ्यांनी युरिक अॅसिड वाढतं, आणि एका रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. अशा वेळी सीआरपी पन्नासच्या पुढेही जाऊ शकतो. तो पाहून कुणीतरी अँटिबायोटिक सुरू करतं.

ऑपरेशन, पडणं, दात काढणं यानंतर आकडा वाढणारच. लसीनंतरही एक-दोन दिवस थोडा वाढतो. म्हणून लस टाळायची नाही! हार्ट फेल्युअरच्या पेशंटने फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीच. रक्ततपासणी दोन आठवडे पुढे ढकला, लस ढकलू नका.

तंबाखू आणि वाढलेलं वजन यांनी आकडा उसळत नाही, पण कायम वरच्या पातळीवर राहतो.

रक्त उपाशीपोटी द्यायचं का? सकाळीच का?

सीआरपीसाठी उपाशी राहायची गरज नाही आणि दिवसाच्या वेळेने त्यात फारसा फरकही पडत नाही. आयएल-६ मात्र वेळेनुसार बदलते, आणि दमवणाऱ्या व्यायामानंतर स्नायूंमधूनही सुटते. नमुना लॅबमध्ये बराच वेळ तसाच पडून राहिला तरी तिचा आकडा बिघडतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना सांगा. सीआरपीला सहसा बाधा येत नाही, पण काही मशीनवर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी टेस्ट) किंवा एनटी-प्रोबीएनपीचा आकडा त्यामुळे चुकतो.

ईएसआर अगदी कमी आला. म्हणजे दाह नाही ना?

असं धरून चालू नका. अंगात खूप पाणी साठलेलं असताना यकृत तुंबतं, फायब्रिनोजेन (ज्याच्यामुळे ईएसआर वाढतो ते रक्तातलं प्रथिन) कमी बनतं आणि ईएसआर खोटाच कमी दिसू शकतो. पेशंट सुधारू लागला की तो उलट वाढतो, आणि घरचे घाबरतात. याउलट रक्त कमी असेल, म्हणजे अॅनिमिया असेल, तर दाह नसतानाही ईएसआर जास्त येतो. हार्ट फेल्युअरमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. त्यामुळे या आजारात एकट्या ईएसआरवर मी फारशी भिस्त ठेवत नाही.

फेरिटिन १५० आहे, लॅबच्या मर्यादेत आहे. तरी डॉक्टर लोहाचं इंजेक्शन म्हणतात. का?

कारण दाहामुळे फेरिटिन फुगतं. साठा कमी असूनही आकडा बरा दिसतो. म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये वेगळी मोजपट्टी वापरतात: फेरिटिन १०० च्या खाली असेल तर लोह कमी, आणि १०० ते २९९ च्या दरम्यान असेल पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन लोहाने किती भरलेलं आहे ते) २० टक्क्यांच्या खाली असेल, तरीही कमीच. तुमच्या रिपोर्टवर ते सॅच्युरेशन आहे का बघा. नसेल तर विचारा. इजेक्शन फ्रॅक्शन कमी असलेल्या पेशंटांना शिरेतून दिलेल्या लोहाने चालताना लागणारी धाप आणि थकवा कमी होतो. तोंडाने घेतलेल्या गोळ्या इथे फारशा कामाला येत नाहीत. दाहाचे आकडे वाचता येण्याचा सगळ्यात रोकडा फायदा मला इथेच दिसतो.

एनटी-प्रोबीएनपी उतरला पण सीआरपी चढला. विश्वास कशावर ठेवायचा?

दोन्हींवर. हृदयावरचा ताण कमी झाला असेल आणि त्याच आठवड्यात छातीचा संसर्ग सुरू झाला असेल, तर असंच दिसेल. अशा वेळी ताप, कफाचा रंग, लघवीची जळजळ, सांधे हे सगळं डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्ग ओळखायला मदत करणारी टेस्ट) किंवा एक्स-रे सांगतील. आणि हो, एनटी-प्रोबीएनपीही काही स्थिर नसतो, तो वय आणि किडनीनुसार बदलतो. हार्ट फेल्युअरसाठीची सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची गोळी चालू असेल तर साधा बीएनपी त्या गोळीमुळेच वाढू शकतो, म्हणून तेव्हा एनटी-प्रोबीएनपी पाहावा.

सीआरपी कमी करायची गोळी का देत नाहीत?

हा प्रश्न संशोधकांनीही गांभीर्याने विचारला, आणि उत्तर मिळायला खऱ्या पेशंटांना बरंच सोसावं लागलं.

१९९० मध्ये तीव्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत टीएनएफ नावाचं दाहाचं प्रथिन वाढलेलं असतं असं दिसलं. मग ते अडवलं तर आजार सुधारेल, असं वाटणं साहजिक होतं. संधिवातात वापरलं जाणारं एटानरसेप्ट देऊन पाहिलं. फायदा दिसेना म्हणून २००१ मध्ये चाचण्या मधेच थांबवल्या. टीएनएफलाच अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी २००३ मध्ये छापून आली, त्यात मोठ्या डोसवर मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठीच्या भरती वाढल्या. म्हणून घरात कुणाला आमवात आणि हार्ट फेल्युअर दोन्ही असतील, तर ‘बायोलॉजिकल’ इंजेक्शन सुरू करण्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना हृदयाची फाइल दाखवाच.

२००७ च्या कोरोना चाचणीत (हिचा त्या विषाणूशी काही संबंध नाही) हार्ट फेल्युअर असलेल्या ५,०११ वयस्क रुग्णांत रोसुव्हास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांपैकी एक) तुलना नुसत्या दिखाऊ गोळीशी केली. स्टॅटिनने सीआरपी उतरला, कोलेस्टेरॉलही उतरलं. पण हृदयविकाराने मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण लक्षणीय घटलं नाही. आकडा सुधारला म्हणून माणूस सुधारलाच असं नाही, हे यातून स्वच्छ दिसलं. तुम्हाला स्टॅटिन दुसऱ्या कारणासाठी दिली असेल तर मात्र ती बंद करू नका.

२०१७ च्या कॅन्टोस चाचणीने थोडी आशा दाखवली. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १०,०६१ लोकांत कॅनाकिनुमॅब या दाह अडवणाऱ्या इंजेक्शनने पुढचे झटके कमी झाले, पण जिवावर बेतणारे संसर्ग वाढले. ही औषधं आज हार्ट फेल्युअरच्या नेहमीच्या उपचारात नाहीत.

इथे पुन्हा हलत्या आकड्याचा प्रश्न येतो. ‘२ च्या वर’ ही रेघ ठरवली की आज २.३ असलेला माणूस आत आणि तोच दोन आठवड्यांनी १.६ असताना बाहेर. एकाच नमुन्यावर माणसं निवडली तर त्यात काही जण निव्वळ त्या दिवसाच्या चढामुळे येतात, आणि पुढच्या वेळी त्यांचा आकडा औषधाविनाही उतरतो. औषधाला भलतंच श्रेय मिळू नये म्हणून दिखाऊ गोळीचा गट लागतो, तो यासाठीही. ‘अमुक घेतलं आणि सीआरपी सहावरून तीनवर आला’ असं व्हॉट्सअॅपवर वाचाल तेव्हा हे आठवा.

हळद, काढा, गुळवेल चालेल का?

भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. काढ्याबद्दल मला खरी काळजी ज्येष्ठमधाची वाटते. ते नियमित घेतल्यास शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम उतरवतं. डाययुरेटिक आणि डिगॉक्सिन (हृदयाची गोळी) घेणाऱ्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं. घसा धरला म्हणून दिवसातून तीनदा ज्येष्ठमधाचा काढा, हे हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी घरगुती औषध नव्हे.

सूज आहे तर सुजेची गोळी घेतली तर?

नाही! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्झिब या गोळ्या किडनीला मीठ-पाणी रोखून धरायला लावतात. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवरून आणलेल्या चार गोळ्यांनी पेशंट धाप लागून अॅडमिट होऊ शकतो. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, त्याही टाळा. दुखण्यासाठी काय चालेल ते आधीच विचारून, कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

पोहे-शेव बंद करायची का?

पोहे नको असं मी म्हणत नाही. त्यावरची मूठभर शेव, जिरावण मसाला आणि बाजूचं लोणचं यांतून जाणारं मीठ मात्र मोजा. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत ठेवावं. सीआरपीवर याचा थेट परिणाम दिसेल असं नाही, पण पाणी साठणं कमी होतं. इंदूरच्या घरात नमकीनचा डबा कधी रिकामा नसतो. तो पेशंटच्या हाताच्या अंतरावर नसावा.

सीआरपी किती दिवसांनी करायचा?

ठरावीक वेळापत्रकाने करायची ही टेस्टच नाही. डॉक्टरांच्या मनात प्रश्न असेल तेव्हा करायची. पॅकेजमध्ये स्वस्त मिळते म्हणून दर महिन्याला करू नका. रिपोर्टच्या कडेला पेनाने त्या दिवशीचं वजन, ताप-सर्दी होती का, नवं औषध कोणतं, लस किंवा दाताचं काम झालं का, हे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी डॉक्टर तो कागद पाहतील तेव्हा आकड्यापेक्षा या चार ओळी जास्त उपयोगी पडतील.

सीआरपी नॉर्मल आहे, पण आईला धाप लागते. थांबावं का?

अजिबात थांबू नका. सीआरपी नॉर्मल असतानाही हार्ट फेल्युअर बिघडू शकतं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन वाढलं, पावलांची सूज वर सरकली, उशा वाढवाव्या लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बसल्या जागी धाप, रात्री दचकून उठून खिडकीशी जावं लागणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळसर पडणं, यापैकी काही झालं तर रिपोर्ट शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा एमवाय असो, जवळचं दुसरं कुठलं हॉस्पिटल असो, थेट इमर्जन्सीत न्या. चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. फाइल मागून कुणीतरी आणेल.